टाकीला तुझं नाव

संपत,

तुझ्या गावाने पाण्याच्या टाकीला तुझं नाव द्यायचं ठरवलं, हे ऐकून मला आधी हसू फुटलं आणि मग घाम फुटला. तुझे थोरले भाऊ आण्णा तेराव्याचं सांगायला स्वतः सांगलीला आले होते. कॉलेजात माझ्या प्रयोगशाळेच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सर, कार्याच्या दिवशी टाकीखालीच मांडव घालतोय. संपाच्या नावाची पाटी लावायची. आन त्या दिवशी टाकी काठोकाठ भरायची बघा. दोन वर्सं निम्मीच भरतीया. त्येच्या नावानं एकदा तरी भरू द्या. तुमी दोन शब्द बोला."

मी "येतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ते गेल्यावर स्टुलावर बसून राहिलो. समोरच्या कपाटात आपल्या काचेच्या नळ्या तशाच होत्या, आतलं निळं पाणीही तसंच. तुझी सुटका झाली. मला मात्र तू त्या टाकीपाशी बांधून ठेवून गेलास.

सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलताहेत. साताऱ्याच्या तुझ्या ऑफिसातले इंजिनियर बोलले, गावातले बोलले, तुझ्या सासरचे, शालनवहिनींच्या माहेरचे बोलले. ते खरंच आहे, पण मला त्यात भर घालायची नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलंय, आणि तू नेहमीसारखा "पुढच्या खेपेला बघू" म्हणून उठून गेलायस.

त्या भांडणाचं मूळ बहात्तरच्या दुष्काळात. कृष्णेच्या पात्रात वाळूशिवाय काही उरलं नव्हतं. टँकर यायचा तो पिण्यापुरता, आणि त्याच दिवसांत तुमच्या गावची टाकी बांधली जात होती. आण्णा नुकतेच फौजेतून परतून सरपंच झालेले. काँक्रीट कालवायला पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न त्यांनी एका मिनिटात सोडवला. चोपण जमिनीतली ती खारी विहीर, जिचं पाणी बैलसुद्धा तोंड लावून सोडून द्यायचे, तिच्यावर इंजिन बसवलं. "ग्वाड पाणी माणसानं प्यावं," म्हणाले. "सिमिटाला काय जीभ हाय व्हय?" ठेकेदाराला काम उरकायचं होतं, त्याने मान डोलावली. गाव हसलं आणि टाकी उभी राहिली. मला विचारशील तर त्या दिवशी त्यांच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं. तहानलेल्या माणसांच्या तोंडचं पाणी काढून सिमेंटला पाजायचं कुणाला सुचेल?

तू तेव्हा नोकरीवर साताऱ्याला होतास. टाकी झाल्यावर चारपाच वर्षांनी कधीतरी पूर्वेकडच्या खांबावर तुला तांबूस ओघळ दिसला आणि त्याच्या कडेने सुतासारखी सरळ उभी चीर. सळई जिथे असते नेमकी तिथेच. तू तसाच सांगली गाठलीस. कंदी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर आपटलास आणि म्हणालास, "गड्या, तुझं रसायनशास्त्र पोरांना नापास करण्यापलीकडं कशाला उपयोगी पडतंय का बघू."

काँक्रीट न फोडता आतली सळई गंजते आहे का हे ओळखायची रीत तू कुठल्याशा परदेशी मासिकात वाचली होतीस. काचेच्या नळीत मोरचुदाचं पाणी भरायचं, त्यात तांब्याची कांब सोडायची, नळीच्या तळाला पाणी झिरपेल असं लाकडी बूच. एके ठिकाणी थोडं काँक्रीट टोकरून सळईला तार जोडायची, दुसरी तार नळीला, मधे व्होल्टमीटर. मग ओल्या केलेल्या खांबावर नळी टेकवत वरून खाली सरकत जायचं. काटा जितका उणेकडे झुकेल तितकी आत गंज चालू असल्याची शंका दाट. मोरचूद तू तासगावच्या दुकानातून द्राक्षबागेवर मारायला म्हणून आणलंस. व्होल्टमीटर मी पदार्थविज्ञानवाल्यांकडून गोड बोलून मागून घेतला. नळ्या मी स्वतः फुंकून केल्या आणि पहिल्या दोन तू फोडल्यास.

तो पहिला दिवस मला अजून आवडतो. तू शिडीवर, मी खाली, आणि सगळं गाव माना वर करून. एका म्हातारीने विचारलं, "काय रं संपा, खांबाला ताप आलाय व्हय?" तू म्हणालास, "अर्थिंग तपासतोय काकी." ती तुझी पहिली थाप. त्या वेळी आपण दोघेही खो खो हसलो.

आकडे हसण्यासारखे नव्हते. पूर्वेच्या खांबावर काटा असा झुकला की मला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तार सुटली असेल, बूच कोरडं पडलं असेल. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग मी निघालेली एक खपली घेऊन गेलो आणि प्रयोगशाळेत तपासली, त्यात मीठच मीठ. चांगल्या सिमेंटच्या आत लोखंड वर्षानुवर्षं न गंजता राहतं, पण मीठ आत शिरलं की ते संरक्षण संपतं. इथे तर मीठ बाहेरून शिरलंच नव्हतं, कालवतानाच घातलेलं होतं. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंच नाहीस. बराच वेळ नळी पुसत बसलास आणि म्हणालास, "म्हंजी आण्णाची विहीर."

तिथून तुझं अडकणं सुरू झालं, आणि तुझ्यापाठोपाठ माझं.

मला तुझं कळत होतं रे. वडील गेले तेव्हा तू पाटी-पेन्सिलवाला. आण्णा शाळा सोडून फौजेत भरती झाले म्हणून तू इंजिनियर झालास. त्यांनी आयुष्यात स्वतःचं म्हणून दाखवावं असं एकच काम केलं, ती टाकी. पाहुणा आला की आधी टाकी दाखवायचे, मग चहा. बाया नदीवरून घागरी वाहून आणायच्या ते त्यांनी थांबवलं होतं. आणि धाकट्या भावाने, त्यांच्याच कष्टावर शिकलेल्या भावाने, त्यांना सांगायचं की आण्णा, तुमच्याच हाताने तुम्ही ती आतून पोखरून ठेवलीत?

मी म्हणायचो, सांग. तू म्हणायचास, यात्रा होऊ दे. यात्रा झाली की सुगी, सुगी झाली की दिवाळी. ताकारी स्टेशनच्या बाकावर आपण किती वेळा हेच भांडलो असू. तू भडंग खात शांतपणे म्हणायचास, "काटा सांगतोय गंज चालू हाय. किती सळई खाल्ली हे कुठं सांगतोय? आजून वीस वर्सं हुबी ऱ्हाईल कदाचित." शास्त्राच्या दृष्टीने तुझं बरोबर होतं, म्हणून तर माझं डोकं जास्त फिरायचं. जे आपल्याला माहीत नव्हतं त्याच्या आडोशाला तू लपत होतास. एकदा मी चिडून म्हणालो, "मीच सांगतो आण्णांना." तू भडंगाची पुडी बाजूला ठेवलीस, माझा हात धरून स्वतःच्या गळ्याला लावलास आणि म्हणालास, "माझ्याआधी आण्णाला सांगितलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

शिकलेला माणूस तू, आणि शपथ घातलीस बायकांसारखी. मी ती पाळली. तोंडाला कुलूप घालून बसलो, आणि तुझं मेलेलं तोंड मला तरीही बघावं लागलं.

सांगायचं जमेना म्हणून तू थापा मारत सुटलास. टाकीच्या सावलीत बालवाडी भरायची, ती हलवायला तू बाईंना सांगितलंस की वर आग्या मोहोळ बसलंय. पोरं देवळात गेली, आणि महिनाभर जो तो वर बघून मोहोळ शोधत होता. मग टाकी निम्मीच भरायची टूम काढलीस. पंपावर लोड येतो, मोटार जळेल, असं पंपावरच्या माणसाला पटवलंस. वजन कमी झालं हे खरं, पण खालच्या आळीच्या नळाला पाणी पुरेना. बाया कुणाला शिव्या द्यायला लागल्या? आण्णांना! ज्याला वाचवायला तू एवढा आटापिटा चालवला होतास, त्याच्याच दारात बाया रिकाम्या घागरी आणून ठेवायच्या. आण्णा तुझ्याजवळ गाऱ्हाणं करायचे, "संपा, तू शिकल्याला हाईस, मोटार बदलायची काय बघ की." तू "बघतो" म्हणायचास. जेवता जेवता हे ऐकलं की मी ताट पुढे सारायचो. शालनवहिनी ताट बघून विचारायच्या, "खर्डा लय तिखट झाला का भावजी?"

दर यात्रेला पोरं टाकीचे खांब चुन्याने रंगवायची. गेरूने केलेल्या आपल्या खुणा पुसल्या जायच्या, ओघळ झाकले जायचे आणि टाकी नव्यासारखी दिसायची. तू पुन्हा शिडीवर चढून नव्याने खुणा करायचास. तू किती बारीक मन लावून ते करायचास हे मी इथे लिहितो, कारण ते दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही. काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून थांबायचास. सारखे आकडे रेघेने जोडून खांबाचा नकाशा काढायचास, आणि मला विचारायचास की ही रेघ खाली का सरकली असेल. इतकी वर्षं मी पोरांना जे खडूने फळ्यावर लिहून दाखवत होतो, ते त्या खांबात खरोखर चालू आहे हे मला तुझ्यामुळे दिसलं. माझी आई मिरजेच्या दवाखान्यात होती तेव्हा तू दर शनिवारी साताऱ्याहून यायचास आणि तिच्या उशाशी बसून तिला ऑफिसातल्या साहेबाच्या नकला करून दाखवायचास. ती शेवटची हसली ती तुझ्यासमोर. याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तू मला वेड्यात काढलं असतंस.

आणि मग त्याच मिरजेत तू. छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा तू साताऱ्याच्या ऑफिसात होतास. आण्णांनी हट्टाने मिरजेला आणलं, आणि तुझ्या खाटेजवळून ते हलले नाहीत. फौजेतला माणूस, स्टुलावर ताठ बसून पहारा दिल्यासारखे. मी आदल्या दिवशी एकटाच गावी जाऊन मोजमाप करून आलो होतो. तुला ते ठाऊक होतं. मी आत आलो तसं तू माझ्याकडे बघून विचारलंस, "किती?"

आण्णाच बोलले, "प्रेशर कालच्यापरीस बरं हाय म्हणालं डाक्टर."

तू माझ्यावरची नजर काढली नाहीस. मी नुसती मान हलवली. पूर्वेच्या खांबाची खपली आता हाताने निघत होती, आतली सळई दिसत होती, आणि काट्याची गरजच उरली नव्हती. तू कुशीवर वळून भिंतीकडे तोंड केलंस. आण्णांनी पांघरूण नीट केलं. त्या खोलीत आपण तिघे होतो आणि जे बोलायला हवं होतं ते बोलता येत नव्हतं. मी मोसंबी सोलत बसलो. आजही मोसंब्याचा वास आला की मला त्या खोलीतून बाहेर पडता येत नाही.

दोन दिवसांनी तू गेलास.

कार्याच्या सकाळी मी पहिल्या एसटीने गावात पोचलो. मांडव टाकीच्या बरोबर पोटाखाली. खांबांना ताजा चुना, चिरा सिमेंटने लिंपलेल्या, पूर्वेच्या खांबावर तुझं नाव निळ्या रंगात. तुझा फोटो, हार, सतरंज्या. आचारी आले होते, बाया भाकऱ्या बडवत होत्या, आणि पंप चालू होता. आण्णा अभिमानाने म्हणाले, "सकाळधरनं बंद केला न्हाई. आता काठावर आलं आसंल."

संपत, त्या क्षणी मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती. तुझ्या नावावर एवढी माणसं गोळा झाली होती आणि तुझ्याच नावाने त्यांच्या डोक्यावर पाणी चढत होतं. बोलावं तर तुझ्या तेराव्याला तुझ्या भावाची अब्रू चव्हाट्यावर येणार, न बोलावं तर काय होईल याचा विचारही करवत नव्हता. मी आण्णांचा दंड धरून त्यांना पंपाच्या खोलीमागे नेलं आणि सगळं सांगितलं. विहीर, मीठ, काटा, मोहोळ, निम्मी टाकी. पंपाच्या आवाजात मला ओरडून सांगावं लागलं.

 माझं संपल्यावर ते म्हणाले, "संपाला ठावं हुतं?"

"होय."

"कवापासनं?"

"दोन वर्षं झाली असतील."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मग मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्हाला सहन होणार नाही असं त्याला वाटायचं."

"मला?" ते म्हणाले. "सर, फौजेत मी पोरांची मढी खांद्यावरनं आणल्यात. टाकीचं मला सहन व्हणार न्हवतं?" आणि मग ते एकदम रडायला लागले. "माझी चूक हाय म्हणला आसता तर मी काय त्येला घराभाईर काढला आसता? दोन वर्सं त्यो माझ्या म्होरं बसून जेवला, आन एकदा न्हाई बोलला."

ते विहिरीबद्दल रडत नव्हते, संपत. टाकीबद्दलही नाही. तू त्यांना तुझ्या काळजीतून बाहेर ठेवलंस, त्याबद्दल रडत होते. तुला ज्याची भीती वाटत होती ते दार नुसतं लोटलेलं होतं. हात लावला असतास तर उघडलं असतं.

डोळे पुसून ते खोलीत गेले आणि पंप बंद केला. मग फौजेतल्या आवाजात मांडव रिकामा करायला लावला. आधी पोरं, मग बाया, मग म्हातारी माणसं, शेवटी तुझा फोटो. सगळे देवळाच्या पटांगणात जमल्यावर उभे राहून म्हणाले, "टाकीत खारं पाणी मी घातलं. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई. ती आज रिकामी हुनार, आन पाडायची हाय. नवी हुईस्तवर नदीवरनं पाणी आणावं लागंल, आन त्यात पैली घागर माझ्या घरची जाईल." एक बाई तोंडातल्या तोंडात शिवी हासडून उठून गेली.  मग आण्णा परत जाऊन टाकी रिकामी करायचा व्हॉल्व्ह स्वतः फिरवायला लागले. तो गंजून बसला होता, मीही हात लावला. पाणी मोठ्याने चरात पडायला लागलं आणि तसंच कडेच्या उसात घुसलं.

पाणी उतरेपर्यंत आम्ही लांब बांधावर बसलो. शालनवहिनी चहा घेऊन आल्या. पूर्वेच्या खांबाला टेकून एक खाट उभी होती. तिच्याकडे बघत आण्णा म्हणाले, "सर, एक इचारू? ह्यी दोन वर्सं संपा गावी आला की घरात झोपायचा न्हाई. खाट टाकीखाली टाकायचा. वारा लागतोय म्हणायचा. त्येला तर ठावं हुतं न्हवं, ही कवाबी पडंल म्हणून?"

मला हे माहीत नव्हतं. तू मला कधी सांगितलं नाहीस.

वहिनी कप हातात धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी आन पोरगी जातो म्हटलं तर येऊ द्यायचं न्हाईत. डास लय हायत म्हणायचं."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी वहिनींच्या हातातला कप घेतला. तुला मात्र विचारतो, कारण आता तू उठून जाऊ शकत नाहीस. तोंडाने सांगायला जमत नव्हतं म्हणून तू आण्णांना असं, टाकी स्वतःच्या अंगावर घेऊन, सांगणार होतास का रे?

टाकी रिकामी झाल्यावर आण्णा उठले. मी नको म्हणत असताना त्या खांबापर्यंत गेले, खाट डोक्यावर घेतली आणि घरी घेऊन गेले.